दीड मिनिटाचं इंग्रजी

टेक्सासात मला पहिला प्रश्न विचारला गेला तो स्पॅनिशमध्ये. शुगर लँडच्या एका किराणा दुकानात पावाच्या काउंटरमागच्या बाईने माझ्याकडे पाहून काहीतरी विचारलं आणि चिमटा हातात धरून उत्तराची वाट पाहत उभी राहिली. मला समजलं नाही, असं मी इंग्रजीत सांगितलं. तिने माफी मागितली. त्यापुढचं सगळं ती इंग्रजीत बोलली, जरा हळू आणि जरा परक्यासारखं.

"आपण सगळे त्यांना त्यांच्यातलेच वाटतो, मावशी," मुग्धा म्हणाली. "सुरुवातीला मला राग यायचा. आता ईरा बरोबर असली की तीच उत्तर देऊन टाकते."

मुग्धा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती एका इस्पितळात फार्मासिस्ट आहे. तिचा नवरा निखिल नागपूरचा, तेलकंपनीत इंजिनिअर. ईरा त्यांची नऊ वर्षांची मुलगी. मी सोलापूरची. तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढून गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि मुग्धाच्या आग्रहामुळे तीन आठवड्यांसाठी ह्यूस्टनच्या या उपनगरात गेले. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती. दोन्ही सुखरूप पोचलं.

शुगर लँड म्हणजे रुंद रस्ते, सारख्या विटांची घरं आणि बाहेर पाऊल ठेवताच चष्म्यावर वाफ धरणारी हवा. पायी चालणारं माणूस दिसत नाही. पहिल्या सकाळी मी फिरायला निघाले, तर दोन गाड्या थांबल्या आणि मी वाट चुकले आहे का, असं दोघांनीही सौजन्याने विचारलं. त्यानंतर मी अंगणातच चालायचे.

घरातली भाषा ऐकून मला पहिले दोन दिवस गंमत वाटली. "अपॉइंटमेंट कॅन्सल केलीस का?" "हो, पण रिशेड्यूल करायला विसरलो यार." रविवारी सकाळी सगळे मिळून बुद्धवंदना म्हणायचे. ईरा ती फोनवरच्या रोमन अक्षरांतून वाचायची, स्पष्ट आणि न अडखळता. माझ्याशी मात्र ती इंग्रजीतच बोलायची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पुढे तिचं बोलणं मी मराठीत दिलं आहे, ते भाषांतर माझं.

तिची स्पॅनिश मात्र चांगली होती. तिच्या सरकारी शाळेत प्रत्येक इयत्तेची एक तुकडी अर्धा दिवस स्पॅनिशमध्ये आणि अर्धा दिवस इंग्रजीत शिकायची. निम्मी मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली, निम्मी इतर. मुग्धाने ईराला तिथे घातलं त्याचं कारण तिने लपवलं नाही. "कॉलेजच्या ॲप्लिकेशनमध्ये चांगलं दिसतं."

"आणि मराठी?"

"मराठीचा क्लास रविवारी होता गं. मॅथ्सशी क्लॅश व्हायला लागला."

मी गेले तेव्हा या तुकड्या बंद करण्याचा प्रस्ताव शाळा मंडळापुढे होता. शिक्षक मिळत नाहीत आणि पैसे कमी आहेत, ही दोन कारणं दिली होती. मुलांना साध्या इंग्रजी वर्गांत वाटून टाकायचं होतं. माझ्या तिसऱ्या आठवड्यात त्यावर जाहीर सभा होती. तिथे कोणीही नाव देऊन बोलू शकत होतं.

मुग्धा आणि निखिलला याचं वाईट वाटत होतं. पण त्यांचं काही अडणार नव्हतं. अडणार होतं ते मारिबेलचं.

मारिबेलच्या घरी

मारिबेल एल साल्वादोरची. पंचवीस वर्षांपूर्वी टेक्सासात आली. तिचा नवरा ट्रक चालवतो आणि आठवड्यातले चार दिवस बाहेर असतो. तिची धाकटी मुलगी दायाना ही ईराची वर्गातली जिवलग मैत्रीण. दोघी एकमेकींच्या घरी दप्तर टाकूनच असतात. दायानाबरोबर ईरा इतक्या वेगाने स्पॅनिश बोलायची, की मी फक्त हसू कुठे येतं एवढंच ओळखू शकायचे.

पहिल्या शनिवारी मारिबेलने आम्हाला जेवायला बोलावलं. ती पुपुसा करत होती. मक्याच्या पिठाच्या गोळ्यात वाटलेल्या घेवड्याच्या बिया आणि चीज भरायचं, आणि तळहातांवर थापून जाड पोळी करायची. थापण्याचा आवाज अगदी भाकरीचा. मी एक करून पाहिली. सारण बाहेर आलं.

मारिबेल काहीतरी म्हणाली आणि दायाना खिदळली.

"काय म्हणते गं?" मी ईराला विचारलं.

"ती म्हणते, हे हात पेपरवाल्यांचे आहेत. बातमी फुटली."

मी नेलेली कडक भाकरी तिने मोडली, वास घेतला, वर सारण लावून खाल्ली आणि दुसरी घेतली. शेंगाच्या चटणीने मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आणलं.

सोलापुरात आमच्या चाळीच्या नळावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत भांडणं व्हायची. समोरचीला जी जास्त लागेल ती भाषा बाया निवडायच्या. अनेक भाषा येणं ही कोणाला हुशारी वाटली नाही आणि अडचणही वाटली नाही. साहेबाच्या टेबलापुढे मात्र त्यातली एकही चालत नव्हती, हेही आम्ही लहानपणीच शिकलो.

शुगर लँडमध्ये मी वेगळं पाहिलं. ईराच्या शिक्षिकेने मुग्धाला सांगितलं होतं, की ईरा वर्गाच्या पुढे आहे. दायानाबद्दल मारिबेलला सांगितलं होतं, की तिला अजून मदतीची गरज आहे. दोघींना त्याच दोन भाषा येत होत्या.

जेवण झाल्यावर मारिबेलने मला तिच्या मोठ्या मुलाबद्दल सांगितलं. ती स्पॅनिशमध्ये बोलली. ईराने इंग्रजी केलं, आणि ती अडली तिथे दायानाने.

केव्हिन आता बावीस वर्षांचा आहे. तो लहान असताना अशी तुकडी नव्हती. मुलाचा गोंधळ होऊ नये म्हणून घरी इंग्रजीच बोला, असा सल्ला तिला मिळाला. तिने तो पाळला. तिला जेवढं इंग्रजी येत होतं, तेवढ्यातच तिने त्याला वाढवलं.

तीन वर्षांपूर्वी मारिबेलची आई आजारी पडून टेक्सासात आली. इस्पितळात एका दुपारी केव्हिन आजीजवळ बसला होता. मारिबेल खाली कॉफी आणायला गेली होती. आजी जागी झाली, तिने त्याचं मनगट धरलं आणि काहीतरी विचारलं. साधा प्रश्न नव्हता, बराच वेळ बोलली. केव्हिन म्हणाला, हो, हो. आजीने हात सोडला आणि डोळे मिटले. त्यानंतर ती पुन्हा कधीच बोलली नाही.

मारिबेल वर आली तेव्हा त्याने आईला हे सांगितलं. एक तरी शब्द आठवतो का, म्हणून तिने खूप विचारलं. त्याला आठवत नव्हता. आपण कशाला हो म्हटलं, हे त्याला आजही माहीत नाही.

"हेच मी सभेत सांगणार आहे," मारिबेल म्हणाली. "दायानाचं असं होऊ नये."

दायाना तेव्हा ताटल्या उचलत होती.

गॅल्व्हेस्टन

पुढच्या आठवड्यात आम्ही दोन गाड्यांनी गॅल्व्हेस्टनला समुद्रावर गेलो. पाणी तपकिरी आणि कोमट. कोकणचा किनारा पाहिलेल्याला तिथे नवल वाटण्यासारखं थोडंच आहे, पण पक्षी पुष्कळ. पेलिकन एका रांगेत पाण्याला चिकटून उडत होते. निखिल वाळूत छत्री रोवत होता आणि वारा ती उपटत होता.

तळलेल्या कोळंबीच्या दुकानासमोर आम्ही रांगेत उभे होतो. मारिबेल दायानाला काय हवं ते विचारत होती. मागे मी आणि मुग्धा मराठीत बोलत होतो. पुढे उभा असलेला एक वयस्कर गृहस्थ वळला. चेहरा हसरा, हातात नातीची बादली. तो मारिबेलला म्हणाला, "या देशात आपण इंग्रजी बोलतो हं, बाई. मुलीच्याच भल्यासाठी सांगतो."

मारिबेल म्हणाली, "येस, सर."

मग त्याने आमच्याकडे पाहिलं आणि ही कोणती भाषा, म्हणून विचारलं. मुग्धाने सांगितलं. "कानाला गोड लागते," तो म्हणाला आणि आपली कोळंबी घेऊन गेला.

मुग्धा लाल झाली होती. "काही बोलायला हवं होतं का मी?"

"राहू दे ना यार," निखिल म्हणाला. "कशाला उगाच? आपली ग्रीन कार्डची केस चालू आहे."

मारिबेलकडे सगळी कागदपत्रं होती. नागरिकत्व घेऊन तिला कितीतरी वर्षं झाली होती. तरी त्या दिवशी परत निघेपर्यंत ती दायानाशी खाली वाकून, कानाशी बोलत राहिली.

जेवणाचं टेबल

त्या रविवारी वंदनेनंतर मारिबेल भाषण घेऊन मुग्धाच्या घरी आली. तिने ते स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं. सभेत दुभाषी असते असं तिने ऐकलं होतं, आणि स्पॅनिशमध्येच बोलावं का, असा तिचा प्रश्न होता.

निखिलने लॅपटॉप उघडला. "नाही नाही. इंग्लिशमध्येच. दुभाषीमार्फत बोलणाऱ्या माणसाकडे कोण बघतं? लोक फोन काढतात."

मग त्याने तिला आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते नागपूरजवळच्या एका कारखान्यात कामगार होते. बढतीत अन्याय झाला तेव्हा महिनाभर साहेबासमोर उभं राहून तोंडी सांगत होते. साहेब मान वर करत नव्हता. शेवटी वस्तीतल्या एका मास्तरांकडून त्यांनी इंग्रजीत अर्ज लिहून घेतला आणि पाठ करून साहेबाला म्हणून दाखवला. "त्या दिवशी साहेबाने खुर्ची दिली. बाबा घरी आले आणि आम्हा भावंडांना म्हणाले, ही भाषा सोडायची नाही."

निखिल हे इंग्रजीत सांगत होता, पण शेवटचं वाक्य त्याने मराठीत म्हटलं आणि मग मारिबेलसाठी पुन्हा इंग्रजीत. मारिबेलने मान डोलावली. ती गोष्ट खरी होती, आणि आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात तिची एक प्रत होती. कोणीच हरकत घेतली नाही.

निखिलने भाषणाला बांधणी दिली. कचेरीत तो अशीच सादरीकरणं करतो. आधी मंडळाचे आभार. मग दोन भाषा शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासाला होणारा फायदा. मग नोकऱ्या. मग अशा शाळांमुळे वस्तीतल्या घरांना राहणारी मागणी. आणि शेवटी केव्हिन.

"केव्हिन शेवटी?" मुग्धाने विचारलं.

"इमोशनल पार्ट शेवटीच ठेवायचा असतो. तोच लक्षात राहतो."

आठवडाभर मारिबेल ते पाठ करत होती. भांडी घासताना, गाडीत, शाळेच्या फाटकाशी. दायाना तिचे उच्चार सुधारायची. सुरुवातीला दोघी हसायच्या. बुधवारी मी त्यांच्याकडे बसले होते तेव्हा दायानाने एक शब्द चौथ्यांदा म्हणून दाखवला आणि डोळे वर फिरवले. मारिबेल पाचव्यांदा म्हणाली.

सभा

मंडळाचं सभागृह थंडगार होतं. आपल्याकडच्या जाहीर सभेची सवय असलेल्याला तिथली शांतता चमत्कारिक वाटते. मंचावर हार नाहीत, मध्येच उठून ओरडणारं कोणी नाही. समोर एक दिवा. हिरवा, पिवळा, लाल. लाल झाला की घंटी.

दाराशी दुभाषी बाई उभी होती. तिने मारिबेलला स्पॅनिशमध्ये काही विचारलं. मारिबेलने हातातला कागद दाखवला आणि नको म्हटलं.

सभा सुरू होताना अध्यक्षांनी नियम वाचले. बोलणारे पुष्कळ असल्याने प्रत्येकाला दीड मिनिट. दुभाषीमार्फत बोलणाऱ्याला दुप्पट वेळ.

मुग्धा निखिलकडे वळली. "ऐकलंस? डबल टाइम आहे. अजून सांगता येईल तिला."

"आता ऐन वेळी कशाला? तिने किती प्रॅक्टिस केलीय."

मुग्धा पुढच्या रांगेत वाकून मारिबेलच्या कानाशी इंग्रजीत तेच बोलली. मारिबेलने क्षणभर दुभाषी बाईकडे पाहिलं. मग सभागृहाकडे. आमच्या मागच्या रांगेत गॅल्व्हेस्टनच्या गृहस्थाच्या वयाचे बरेच जण बसले होते.

"आय प्रॅक्टिस्ड," ती म्हणाली.

एक माणूस बोलला, की त्याच्या करातून दुसऱ्या देशाची भाषा शिकवू नये. टाळ्या पडल्या, थोड्याच. नंतर एक बाई आली, पांढरे केस, मऊ आवाज. तिचे आजोबा घरी झेक बोलायचे. ते शाळेत गेले, त्यांनी ती भाषा सोडली. "मला झेकचा एक शब्दही येत नाही," ती म्हणाली, "आणि माझं काही वाईट झालेलं नाही." हे म्हणून ती जरा थांबली, जणू काही आणखी बोलायचं होतं, आणि मग जागेवर जाऊन बसली.

ईराचं नाव मुग्धाने दिलं होतं. तिच्यासाठी माइक खाली केला. ती आधी चार वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलली, मग तीच इंग्रजीत. सभागृह खूश झालं. मंडळाच्या एका सदस्याने हसून विचारलं, "तुला किती भाषा येतात, बाळ?"

"अडीच," ईरा म्हणाली.

सगळे हसले. लोकांनी मोठ्याने टाळ्या वाजवल्या. ज्यांनी पहिल्या माणसासाठी वाजवल्या होत्या, त्यांनीही. मुग्धा हसली नाही.

ईरानंतर मारिबेल उठली. तिने मंडळाचे आभार मानले. अभ्यासाचा फायदा सांगितला. एकेक शब्द जपून ठेवत होती, काचेची भांडी मांडावीत तशी. मागच्या रांगेत कोणी खोकलं. नोकऱ्यांच्या वाक्यात ती अडली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. दिवा पिवळा झाला. घरांच्या मागणीचं वाक्य लांब होतं. ते तिने पूर्ण केलं आणि श्वास घेतला.

"माय ओल्डर सन, केव्हिन," ती म्हणाली, आणि घंटी वाजली.

तिच्या आधीच्या बोलणाऱ्यांनी घंटीनंतरही वाक्य पुरं केलं होतं, आणि अध्यक्षांनी ते करू दिलं होतं. मारिबेल थांबली. "थँक यू. सॉरी," असं म्हणून तिने कागद दुमडला.

"थँक यू, मॅम," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीही कमी-जास्त नव्हतं.

दुभाषी बाई शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसून होती. त्या संध्याकाळी तिची गरज कोणालाच लागली नाही. सभागृहात स्पॅनिश बोलणारी पंचवीस-तीस माणसं तरी होती. जी बोलली ती इंग्रजीतच बोलली. प्रत्येकाच्या घरी कोणीतरी निखिल असणार.

चर्चा थोडी झाली. सदस्यांनी शिक्षकांच्या टंचाईबद्दल खेद व्यक्त केला, एकाने ईराच्या भाषणाचा गौरवाने उल्लेख केला, आणि प्रस्ताव बहुमताने मंजूर झाला. पुढच्या वर्षापासून तुकड्या बंद. केव्हिनची गोष्ट त्या सभागृहात कोणी ऐकली नाही. ती ऐकून निर्णय बदलला असता, असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही.

पार्किंग

बाहेर अजून लख्ख उजेड होता आणि डांबरातून धग वर येत होती. निखिल गाडीशी येऊन थांबला.

"स्टोरी आधी घ्यायला पाहिजे होती यार. ऑर्डर चुकली माझी."

"ऑर्डर नाही चुकली," मुग्धा म्हणाली. "तिने विचारलं होतं आपल्याला. स्पॅनिशमध्ये बोलू का, म्हणून आपल्या घरी येऊन विचारलं होतं."

"मी वाईटासाठी सांगितलं का?"

"नाही रे. तेच तर."

 निखिल मारिबेलकडे गेला आणि माफी मागू लागला. तिने त्याचे दोन्ही हात धरले, तू खूप मेहनत घेतलीस, असं म्हणाली, आणि शनिवारी जेवायला या, असंही. मुग्धाने ईरासाठी ऑनलाइन स्पॅनिश शिक्षिका पाहून ठेवली होती. ते मारिबेलसमोर बोलावं की नाही हे तिला ठरवता आलं नाही.

दायाना जरा लांब, त्यांच्या गाडीच्या दाराशी उभी होती. ईरा आणि मी तिला टाटा करायला गेलो. मारिबेल आली, किल्ली काढली आणि दार उघडण्याआधी तिने दायानाला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं.

"विचारते, नीट बोलले का मी," ईराने मला सांगितलं.

"यू डिड फाइन, मॉम," दायाना म्हणाली.

मारिबेलचा हात दारावरच राहिला. मुलीकडे तिने पाहिलं. दायाना रस्त्याकडे पाहत होती, जिथून सभागृहातले इतर लोक आपापल्या गाड्यांकडे येत होते.

"ओके," मारिबेल म्हणाली. "थँक यू, बेबी."

तीन आठवड्यांत त्या मायलेकींना मी एकमेकींशी इंग्रजीत बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.